डाव्या बाजूचा पत्रा

कडोदऱ्याच्या भंगारवाड्यात माणूस एक नट घ्यायला जातो आणि अर्धी गाडी घेऊन परततो, असं उखा मिस्तरी नेहमी म्हणायचा. त्या सकाळी सुकदेव तिथे गेला तो फक्त एका पत्र्यासाठी. जीपची डावी बाजू गंजून इतकी विरली होती की आत बसलेल्याला पायाखालचा रस्ता दिसायचा. सोबत धाकटा भाऊ आनंदा होता, आणि कुठला पत्रा बसेल ते सांगायला खुद्द उखा.

सुकदेव मूळचा शिरपूरकडचा. सुरतेत आल्यापासून तो पर्वत पाटियाच्या मार्केटातून साड्यांचे गठ्ठे वाहणारा टेम्पो चालवत होता. कोसाडला एका खोलीत तो, बायको मंदा आणि आता आनंदा असा संसार. टेम्पो सोडून त्याने ओलपाडच्या पुढच्या एका शेठची नोकरी धरली होती. शेठचे झिंग्याचे तलाव खाडीपलीकडच्या खाजणात होते. ओहोटीला खाडीचं पात्र उघडं पडलं की तेवढ्यात गाडी पलीकडे जायची; भरती आली की तेच पात्र दर्याचं. झिंग्यांचं खाद्य, पंपांचं डिझेल, राखणदारांचा शिधा, सगळं ओहोटीतच पोचवायचं. त्यासाठी शेठने लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप उचलली होती, चारही चाकांनी ओढणारी, आणि किल्ली सुकदेवच्या हातात ठेवली होती. "एने तैयार करी लो," शेठ म्हणाले, "पण दरिया साथे मस्ती नहि करवानी."

तलावावर राखणदाराचीही जागा होती. ती सुकदेवने आनंदाला मिळवून दिली. आईचं मन घेत नव्हतं. गावाहून निघताना ती एसटीच्या खिडकीशी येऊन म्हणाली, "तुना हातमा देस मी त्याले. जसा ली जास, तसाच ली ये." सुकदेव हसला होता. आईला सुरत म्हणजे काळं पाणी वाटतं, असं मंदाला सांगून त्याने तिलाही हसवलं. पण वाक्य छातीत जाऊन बसलं ते बसलंच.

आनंदाची एक खोड होती. तो दाराची कडी कधी वाजवायचा नाही. बोटाच्या पेराने तीन ठोके, टक्-टक्-टक्, आणि मग गप्प उभा. पुन्हा वाजवणं नाही, हाक मारणं नाही. आत मंदा पोळीला पीठ लावत असो की न्हात असो, तो दार उघडेपर्यंत तसाच. "उना आपला सुतार," मंदा आतून म्हणायची, आणि मुद्दाम उशिरा उघडायची.

भंगारवाड्याच्या टोकाला त्याच जातीची एक जीप पडली होती. सांध्यासांध्यात करडा चिखल वाळून दगड झालेला. उजवी बाजू चाळणी, पण डावीकडचा पत्रा मात्र सांगून खरं वाटणार नाही इतका धड.

"ही खाडीमा रुतेल व्हती," उखा म्हणाला. "पलेगना सालमा. डायवर चाकवरच गया."

उखाचा एक नेम होता. ज्या गाडीत माणूस गेला, ती आधी रिकामी केल्याशिवाय तिचा स्क्रूदेखील तो काढत नसे. त्याने टपरीवरून अर्धा चहा आणवला, बॉनेटवर ठेवला, शेजारी पेटती विडी ठेवली. तेवढ्यात आनंदा मोडक्या जीपच्या डाव्या सीटवर चढून पाय हलवत बसला होता. उखाने त्याला दंडाला धरून खाली खेचलं.

"पहिले खाली उतर. मी आते बोलसू ते शब्द आंधळे शेतस भो. जो बसेल व्हई तो उतरस, त्यासले वळख नही."

सगळे बाजूला झाले. उखा ड्रायव्हरच्या बाजूला गेला, जिवंत माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाला, "भाऊ, तुनी ड्युटी संपनी. आते उतर."

जीपची उजवी स्प्रिंग करकरली आणि ते अंग किंचित वर आलं, जड माणूस पायरीवरून उतरल्यावर येतं तसं. आनंदा खुदकन हसला. सुकदेवला वाटलं, गंजलेलं लोखंड आहे, उन्हाने हलतं. उखाने विडी विझू दिली आणि पान्याला हात घातला. तो पत्रा संध्याकाळी सुकदेवच्या जीपला बसला, जणू तिच्याच मापाने कापला होता.

पुढचे महिने जीप घडत गेली आणि तिच्यासोबत सुकदेवही. आधी ट्रॅक्टरसारख्या खोल खाचांचे टायर आले. मग धुराडं बॉनेटच्या बाजूने टपापर्यंत वर घेतलं, हवा खेचायचा पाइपही वर घेतला, म्हणजे पाण्यात गाडी गुदमरू नये. पुढे हाताने फिरवायची विंच बसली, मागे रुतल्या चाकाखाली घालायला सागाच्या फळ्या. उखाने कधीकाळी लष्कराच्या वर्कशॉपात नटबोल्ट आवळले होते, तेवढ्या भांडवलावर तो मास्तर झाला. स्टिअरिंगच्या आत अंगठा घालू नको, चाक दगडावर आपटलं की मोडेल. चिखलाआधी टायरची हवा कमी कर, पाय पसरून चालणारा बुडत नाही. पाण्यात शिरण्याआधी फॅनचा पट्टा काढ, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनवर उडवेल. आणि चिखलात ब्रेक म्हणजे पाप.

सुरुवातीला सुकदेव दर फेरीला रुतायचा. टेम्पोवाल्याचा पाय तो, जरा घसरलं की ब्रेकवर. मग फळ्या घाला, विंच फिरवा, भरतीकडे बघत शिव्या खा. क्लीनर जशी पत्र्यावर थाप देतो तशी आनंदाने मागून द्यावी असं ठरलं. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. पण आनंदा सवयीने पेरांनीच टकटक करायचा आणि इंजिनच्या आवाजात ती कोणाच्या बापालाही ऐकू जात नसे. उखाने कपाळावर हात मारला आणि त्याला बांबू देऊन चिखल चाचपायला पुढे पाठवलं.

त्याच फेरीत सुकदेवला पहिली थाप ऐकू आली. डाव्या पत्र्यावर, उघड्या तळव्याची, भरदार. एक. नजर चाकापुढच्या चिखलावर खिळलेली; आनंदा मागे फिरून आला असेल असं समजून त्याने क्लच दाबला. गाडी थांबली तिथून हातभर पुढे चिखलाची साय होती आणि साईखाली पाणी. त्याने गाडी मागे घेतली, उजवीकडून काढली. दोन थापा पडल्या. तो सुसाट पलीकडे गेला.

"आज चांगली ठोकी रे," बांधावर तो आनंदाला म्हणाला.

"मी कुठे ठोकी भाऊ? मी तं तुना पुढे व्हतू, बांबू लिसन."

सुकदेवने मान डोलावली आणि विषय तिथेच सोडला. माणूस स्वतःच्या सोयीचं कोडं सोडवायला जात नाही. थापा रोज पडू लागल्या आणि तो रोज न रुतता जाऊ लागला. बांबूची गरज उरली नाही. आनंदा तलावावरच राहू लागला. शेठने पाठ थोपटली. ओलपाडच्या नाक्यावर ट्रॅक्टरवाले त्याला खाजणातली वाट विचारू लागले, आणि आपला गडीही मिशीला पीळ देऊन सांगायचा, की अंदाज यावा लागतो, ते शिकवून येत नाही. डावा पाय तर इतका तयार झाला की थाप कानावर पडायच्या आत क्लच खाली गेलेला असायचा. तो पाय आपण हलवला की कोणी हलवला, हा विचार त्याला एकदा आला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

शेवटी त्याने उखाला सांगितलं. उखा एका गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसला होता. 

"एक थाप… आनी दोन?"

"हां."

आठवड्याने उखाच कोसाडला आला. एरवी आल्याआल्या चहा मागणारा माणूस उंबऱ्यावरच उभा राहिला. खाडीवरच्या एका म्हाताऱ्या माछी कोळ्याला तो भेटून आला होता; ती जीप बुडताना त्याने काठावरून पाहिली होती. त्या जीपमध्ये दोघं होते. ड्रायव्हर, आणि डावीकडे क्लीनर. कोणी परभणीकडचा पोरगा म्हणत होतं, कोणी नांदेडकडचा. पुढे दलदल दिसली तशी पोराने थांब म्हणून थाप दिली. ड्रायव्हर थांबला. मागून भरती आली, तरी थापा चालूच, थांब, थांब. ड्रायव्हर थांबूनच राहिला. पोराचा पत्ताच लागला नाही. प्लेगच्या पळापळीत अर्धी सुरत गावाला गेलेली, कोण कमी झालं ते विचारायला कोण होतं?

"आपन एकलेच उतारं, सुकदेव. दुसरा बशीच शे." उखाने आवाज आणखी खाली आणला. "शनवारे जीप ली ये. रिकामी करी दिऊत. तवलोंग डावी सीटवर कोनले बसाडू नको."

मंदा चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं आणि उखा गेल्यावर दाराला आतून कडी घातली.

शनिवारच्या आदल्या दिवशी पलीकडच्या पंपाचं डिझेल संपत आलं. भर दुपारची ओहोटी होती. सुकदेव पिंप घेऊन एकटाच गेला. थापा पडल्या, त्याने त्या ऐकल्या, नाइलाजाने पाळल्या. बांधावर जीप लावून तो उतरतो तोच पंपघरामागून ओरडा आला. फळ्यांच्या ढिगात हात घालताना आनंदाला साप चावला होता. दुसरा राखणदार राघो मनगटाच्या वर फडकं आवळत होता. साप काळा होता की करडा, तेही कोणाला धड सांगता येईना. आनंदाच्या पापण्या झोप आल्यासारख्या खाली येत होत्या.

आणि ओहोटी संपली होती. खाडीच्या तोंडाकडून पाण्याची एक चकचकीत पट्टी आत सरकताना दिसत होती.

सुकदेव बॉनेट उघडून फॅनचा पट्टा काढायला धावला. पाना दोनदा हातून सुटला. पट्टा काढून तो वळला, तोवर राघोने आनंदाला जीपमध्ये बसवून, तोल जाऊ नये म्हणून गमछाने सीटला बांधून टाकलं होतं. डाव्या सीटला. मागे सगळी जागा डिझेलच्या पिंपाने अडवलेली, आणि ते उतरवायला वेळ नव्हता.

सुकदेवला उखाचे शब्द आठवले. त्याने पाण्याकडे पाहिलं, भावाच्या तोंडाला आलेल्या फेसाकडे पाहिलं, आणि गाडीत चढला. राघो तलाव सोडून येऊ शकत नव्हता. तो बांधावरून हात जोडून बघत राहिला.

ऊन असं होतं की कशालाच सावली नव्हती. चिखलाला कुजक्या मासळीचा आणि मिठाचा वास येत होता. पंख्याशिवाय इंजिनचा आवाज वेगळाच, घशात अडकल्यासारखा. आनंदाने उजव्या हाताने त्याची बाही धरून ठेवली होती.

दोन थापा. सुकदेवने छोटा दांडा खेचला, चारही चाकं लागली, गाडी पात्रात उतरली. पुन्हा दोन. पाणी चाकांच्या खाचांतून फवारत होतं. पलीकडचा काठ, त्यावरची बाभळीची रांग, सगळं स्वच्छ दिसत होतं. निम्मं पात्र मागे पडलं.

एक थाप.

त्याचा डावा पाय क्लचवर गेला. उजवा उचलला गेला. गाडी थांबली.

समोर जमीन घट्ट होती, त्याला ती दिसत होती. त्याने पाय उचलायचा प्रयत्न केला. पाय ऐकेना. पुन्हा एक थाप. पाणी पायरीला लागलं. पुन्हा एक. इंजिन गुरगुरत होतं आणि चाकांखालची वाळू पाण्याबरोबर हळूहळू निघून चालली होती, ते त्याला बुडाखाली कळत होतं.

"सोड रे…" तो पुटपुटला. "माले जाऊ दे…"

एक थाप.

"भाऊ…" आनंदाची जीभ जड झाली होती. "भाऊ… मना मांडीवर कोन बसेल शे?…"

सुकदेवने डावीकडे पाहिलं. आनंदाशिवाय तिथे कोणी नव्हतं. पण त्याच्या मांड्या सीटमध्ये दबल्या होत्या आणि जीपचं डावं अंग खाली गेलं होतं.

"जड शे भाऊ… उठाड ना त्याले…"

पाणी आत आलं. गार पाणी सुकदेवच्या घोट्यांवरून फिरलं, आणि त्याला आईचा चेहरा दिसला, एसटीच्या खिडकीतला. त्याच्यापाशी दुसरं काही उरलं नव्हतं. तो डावीकडे तोंड करून, गळ्याच्या शिरा तट्ट फुगवून ओरडला.

"तुनी ड्युटी संपनी! आते उतर! उतर!"

बाहीवरची मूठ सुटली. डाव्या बाजूची स्प्रिंग करकरली, जीप त्या अंगाने वर आली, आणि बाहेर पाण्यात कोणीतरी पाय ठेवल्याचा आवाज झाला, एकच. त्याचा पाय मोकळा झाला. गाडीने झटका खाल्ला, चिखल मागे फेकला आणि ती काठाच्या दिशेने निघाली. आनंदा जागेवरच होता, गमछात, मान छातीवर टाकून. श्वास चालू होता. सुकदेव काठ येईपर्यंत रडत होता आणि त्याला ते कळतही नव्हतं.

आनंदा वाचला. सुरतेच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं. मंदाने देवीला नारळ फोडला. सुकदेवने गावी निरोप धाडला की काळजी करू नको, पोरगं ठणठणीत आहे. थापाही थांबल्या होत्या. इडा गेली, पीडा गेली, असं वाटून तो कित्येक दिवसांनी पोटभर जेवला.

उखा दवाखान्यात भेटायला आला तेव्हा सुकदेवने त्याला व्हरांड्यात नेऊन सगळं सांगितलं. उखा ऐकत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "तू बोलना तवय… आनंदा कोनती सीटवर बसेल व्हता?"

सुकदेवने डावा हात दाखवला. उखाने पिशवीतली केळी बाकावर ठेवली आणि आनंदाला न भेटताच जिना उतरून निघून गेला.

आनंदा घरी आला त्या दिवशी दार वाजलं नाही. मंदाने सहज उघडलं तर तो बाहेर उभा होता. कधीपासून, कोण जाणे. "सुतार, काय व्हयनं तुले?" ती म्हणाली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं, की कोणाला हाक मारली ते त्याला उमगलं नसावं. जेवताना त्याने भाकरी मागितली ती "भाभी" म्हणून. तिला तो कायम वयनी म्हणत आला होता. विषाने डोकं जरा बधिर होतं, असं सुकदेवने मंदाला समजावलं. स्वतःलाही तो तेच समजावत होता.

राखणदारीला आनंदा परत गेला नाही. जीपवरच येतो म्हणाला. डाव्या सीटवर बसायचा, हात बाहेर काढून, तळवा पत्र्यावर ठेवून. खाजणातली वाट त्याला पाठ होती. थाप अशी भरदार द्यायचा की इंजिनवरून ऐकू यावी.

त्या दिवशी खाद्याची पोती उतरवून दोघं परत निघाले होते. ऊन उतरलं होतं. आनंदा पाणी प्यायला पंपघराकडे गेला आणि सुकदेव चाकांची हवा कमी करायला जीपच्या डाव्या बाजूला बसला. खाजणात वारा नव्हता. टायरची हवा फुस्स करून थांबली, आणि मग त्याला ऐकू आलं.

टक्-टक्-टक्.

पत्र्याच्या आतून. बोटाच्या पेराने.

त्याने पत्र्याला कान लावला. लोखंड उन्हाने तापलं असायला हवं होतं. ते गार आणि ओलं होतं.

"आनंदा?…" तो म्हणाला.

आत काही वाजलं नाही. हाकही आली नाही. आत कोणीतरी गप्प उभं होतं, दार उघडायची वाट बघत. सुकदेवने तोंड उघडलं. ते शब्द जिभेवर आले होते. पण या खेपेला उतरणार कोण, आणि कुठे, हे त्याला सांगणारा कोणी नव्हता. त्याने तोंड मिटलं.

मागून ओल्या चिखलात पावलं वाजली. डाव्या सीटवर कोणीतरी चढलं, जीपचं ते अंग खाली गेलं, आणि त्याच्या कानाजवळ पत्र्यावर दोन थापा पडल्या.

"चला उस्ताद," आनंदा म्हणाला.  "पाणी यायलंय." शिरपूरकडे असं कोणी बोलत नाही; बोलतात ते परभणी-नांदेडकडे.

सुकदेव उठला, वळसा घालून आपल्या बाजूला गेला आणि त्याने गाडी सुरू केली. इंजिनच्या आवाजात पेरांची टकटक ऐकू येत नाही, हे त्याला माहीत होतं. तरी काठ येईपर्यंत तो कान देऊन होता.

आज निरोप आला होता, आई पोराला बघायला रविवारच्या एसटीने निघतेय.